रॉकेटच्या शेपटीतल्या दोन कड्या

नवऱ्याचा उजवा हात भाजला तेव्हा आमच्या लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. चेन्नईत अण्णा नगरला आम्ही तिघं राहत होतो. मी, तो आणि सासूबाई. मी मूळची मिरजेची. नोकरीसाठी चेन्नईला आले आणि इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये डिझाइनचं काम करू लागले. मराठी मंडळाच्या गणपतीत नवऱ्याची ओळख झाली. त्याचं घराणं तंजावरचं, पिढ्यान् पिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं. त्यांच्या घरातली मराठी सुरुवातीला मला अर्धीच कळायची. सासूबाई ‘काय गे’ म्हणून हाक मारायच्या, जुन्या मराठीत वाक्य सुरू करून तमिळमध्ये संपवायच्या, आणि मी बघतच राहिले की त्यांनाच हसू यायचं. त्यांना आम्ही दोघंही अम्मा म्हणायचो.

नवरा हॉस्पिटलांतली यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत होता. कॉलेजपासून त्याला मॉडेल रॉकेटचा नाद. इंजिनं तो शिवकाशीकडच्या एका परवानाधारक कारखानदाराकडून मुद्दाम भरून घ्यायचा. जाड पुठ्ठ्याच्या नळ्या, हातभर लांबीच्या, फटाक्यापेक्षा हळू जळणाऱ्या. रविवारी आम्ही ओरगडमच्या पलीकडे जायचो. तिथे उन्हाळ्यात कोरडी पडणारी एक एरी होती. तिकडे तलावाला एरी म्हणतात. पाणी आटलं की मैलभर सपाट, भेगाळलेली जमीन उघडी पडायची आणि भोवती मातीचा उंच बांध. लांबवर नव्या कारखान्यांच्या क्रेन दिसायच्या. माणूस कुणी नाही.

त्या दिवशी तो नुसतंच इंजिन पेटवून बघत होता. लोखंडी चौकटीत नळी उलटी आवळलेली, खाली वजनकाटा. नळी पेटली, फुसफुसली आणि अर्ध्यातच थांबली. धूरही थांबला. मी म्हटलं, "थांब जरा." तो म्हणाला, "विझलंय ते," आणि नळी सोडवायला गेला. त्याने हात घातला आणि आत शिल्लक राहिलेलं सगळं एकदम पेटलं.

मी त्याला गाडीत घातलं. तो ओरडत नव्हता. हात मांडीवर धरून समोर बघत होता आणि तमिळमध्ये काहीतरी पुटपुटत होता. मला तेव्हा गाडी जेमतेम चालवता यायची. श्रीपेरुंबुदूरच्या रस्त्यावर ट्रकांमधून मी ती कशी आणली ते आजही आठवत नाही. आठवतो तो फक्त वास.

मांडीची कातडी काढून हातावर लावली. जखम भरली, पण अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना टेकेनात. मध्ये बोटभर अंतर राहायचं. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा, सुटेल थोडं. शर्टाची बटणं अम्मा लावून द्यायच्या. तो मान वर करून छताकडे बघत उभा राहायचा.

घरात रॉकेटचं नाव निघत नव्हतं. अम्मांनी सगळं सामान पोत्यात भरून माळ्यावर टाकलं होतं. मला वाटलं, संपलं. आणि खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं.

मग एकदा कारखान्यातून घरी आले तर तो जेवणाच्या टेबलावर डाव्या हाताने चित्र काढत बसला होता. लहान मुलाने काढावं तसं वेडंवाकडं. एक वर्तुळ, त्याच्या आत दुसरं वर्तुळ, मधोमध नळी.

"हे काय?"

"इंजिनाची बैठक," तो म्हणाला. "वळणारी."

ते त्याने मला असं समजावलं. साध्या मॉडेल रॉकेटला शेपटीशी पंख असतात, त्यांच्या जोरावर ते सरळ जातं. पंख काढून टाकायचे. त्याऐवजी इंजिनच दोन कड्यांमध्ये अडकवायचं. आतली कडी डावी-उजवीकडे झुकते, बाहेरची पुढे-मागे. प्रत्येक कडीला एक छोटी सर्वो मोटर. रिमोटची दांडी हलवली की कडी हलते, इंजिनाचा झोत तिरका होतो आणि रॉकेट वळतं. तळहातावर झाडूची काठी उभी धरायची असते ना, तसंच. काठी ज्या बाजूला कलते त्या बाजूला हात न्यायचा. बारीक डुगडुग सावरायला हेलिकॉप्टरच्या मॉडेलमधले दोन जायरो, आणि रॉकेटने कुठे जायचं ते सांगायला माणूस.

मी ते चित्र बराच वेळ बघत राहिले. मला राग येत होता, आणि त्याच वेळी मला दिसत होतं की त्याने बाहेरच्या कडीची धरायची जागा चुकीच्या ठिकाणी घेतली आहे. तशी कडी एका बाजूला जड झाली असती.

"हे बेअरिंग इथे नको," मी म्हटलं. म्हणायचं नव्हतं, तोंडातून गेलं.

त्याने पेन्सिल माझ्याकडे सरकवली. मी ती घेतली नाही. स्वयंपाकघरात गेले आणि तासाभराने परत येऊन घेतली.

दुसऱ्या दिवशी मी त्याला माझी अट सांगितली. "कड्या मी करीन. पण रिमोट माझ्या हातात राहील. पेटवायचं कधी, थांबायचं कधी, जवळ कधी जायचं, सगळं मी ठरवणार. मी हो म्हणेपर्यंत तू जागेवरून हलायचं नाहीस."

"तुला उडवता येत नाही."

"शिकेन. तुझ्या हाताला तसाही रिमोट धरता येत नाही."

हे बोलायला नको होतं, पण ते खरं होतं. त्याने आपल्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाला, "सरी." तमिळमध्ये ठीक आहे म्हणायचं तर सरी.

कड्या मी ॲल्युमिनियमच्या करून घेतल्या, टूलरूमच्या प्रमुखांची परवानगी घेऊन, टाकाऊ तुकड्यांतून. पहिली जोडी फेकून द्यावी लागली. कडी बोटाने हलवली की किंचित टकटक लागायची. कारखान्याच्या भाषेत त्याला प्ले म्हणतात. केसाएवढा प्ले बैठकीत असला की झोत थरथरतो आणि जायरो तो थरथराट सावरायला जाऊन वाढवत बसतो. दुसऱ्या जोडीत तो गेला. वायरिंगचं सगळं नवऱ्याने केलं, डाव्या हाताने. सोल्डरिंगची तार धरायला अंगठा साथ देईना तेव्हा तो ती दातांत धरायचा. मी मदतीला गेले की मान हलवून नाही म्हणायचा.

पेटवणीसुद्धा आम्ही रिमोटवरच घेतली. रॉकेटमधल्या रिसिव्हरच्या तिसऱ्या चॅनेलवर एक रिले, म्हणजे विजेने चालणारा छोटा स्विच. बटण दाबलं की रिले जोडला जाणार, तार तापणार, इंजिन पेटणार. वायर ओढायला नको, जवळ बसायला नको, शंभर पावलं लांब उभं राहता येईल, असा विचार. तेव्हा आम्हा दोघांना तेच जास्त सुरक्षित वाटलं. शिवाय रॉकेटच्या अंगावर एक लाल प्लग होता. तो खोचल्याशिवाय पेटवणीला वीजच मिळायची नाही.

गच्चीत कपडे वाळत घालायच्या तारेला रॉकेट टांगून मी सराव केला. ते माझ्या कमरेएवढं होतं. तो झाडूने त्याला ढोसायचा आणि मी दांडीने कडी उलट न्यायची. "उशीर," तो म्हणायचा. "उशीर. परत उशीर." शेजारच्या गच्चीवरच्या बाई लोणच्याची बरणी उन्हात ठेवायला यायच्या आणि आमच्याकडे बघत उभ्या राहायच्या. अम्मांना आम्ही सांगितलं होतं की हे नुसतं टांगून बघायचं आहे. त्यांनी विश्वास ठेवला नाही, पण विचारलंही नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही एरीवर गेलो. सकाळीच ऊन असं होतं की जमिनीवर पाणी पसरल्यासारखं दिसत होतं. लोखंडी खांबांच्या चौकटीत रॉकेट उभं केलं. कड्या हलवून पाहिल्या, चारी दिशांना नीट फिरल्या. मी रिमोट गळ्यात अडकवून लांब गेले. त्याने डाव्या हाताने लाल प्लग खोचला आणि चालत माझ्यापाशी आला. पळाला नाही, मी पळू नको म्हटलं होतं.

मी बटण दाबलं. काही झालं नाही.

परत दाबलं. कड्या दांडीबरोबर हलत होत्या, म्हणजे रिसिव्हर चालू होता. इंजिन मात्र पेटत नव्हतं.

"तार सैल असेल," तो म्हणाला आणि पाऊल उचललं.

"थांब."

तो थांबला. मी म्हटलं, "अर्धा तास कुणी जायचं नाही."

"अर्धा तास कशाला? पेटलेलंच नाही ते."

"मागच्या वेळी तू विझलंय म्हणाला होतास."

तो जमिनीवर बसला. आम्ही दोघं तसेच उन्हात बसून राहिलो. सावली फक्त बांधावरच्या ताडांची आणि ती फार लांब होती. मी रिमोट चालूच ठेवला होता, कारण तो बंद केला तर रिसिव्हर मोकाट सुटतो, त्याला काहीही ऐकू येऊ लागतं. घाम डोळ्यांत उतरत होता. तो मध्येच उठायचा, दोन पावलं टाकायचा, माझ्याकडे बघायचा, परत बसायचा.

वेळ झाल्यावर तो उठला. "आता जातो. प्लग काढून आणतो."

मी त्याच्या हाताकडे पाहिलं. प्लग घट्ट होता. तो खोचायला तळवा चालायचा, काढायला मात्र चिमटीत धरून ओढावा लागायचा. डाव्या हाताने काढायचा तर उजव्याने रॉकेट धरून ठेवायला हवं, आणि ते त्याच्याने झालं नसतं. हे त्यालाही माहीत होतं.

"मी जाते," मी म्हटलं.

"नाही."

"ठरवणार मी, असं ठरलंय."

मी रिमोट माझ्या गळ्यातून काढून त्याच्या गळ्यात घातला. "दांडीला हात लावू नकोस. बटणाला तर नाहीच. नुसता उभा राहा."

तिथपर्यंत चालत जाताना मला सारखं वाटत होतं की जमीन पायाखाली जास्त आवाज करते आहे. रॉकेटजवळ पोचले, बाजूने गेले, झोताच्या रेषेत यायचं नाही म्हणून. खाली बसले. शेपटीच्या उघड्या खिडकीतून दोन्ही कड्या दिसत होत्या, उन्हात चकचकणाऱ्या. डाव्या हाताने रॉकेट धरलं, उजव्या हाताने प्लग पकडला. उन्हाने तो तापून फुगल्यासारखा घट्ट बसला होता. बोटं घामाने घसरली.

तेवढ्यात आतली कडी हलली.

अगदी थोडी. डावीकडे गेली, परत आली. मग बाहेरची कडी थरथरली आणि एका बाजूला कलून तशीच राहिली. सर्वोचा बारीक किर्र आवाज माझ्या कानाशी येत होता.

मला वाटलं, त्याने दांडी हलवली. मी न उठताच ओरडले, "हात काढ."

मी मान वळवून पाहिलं. तो लांब उभा होता, रिमोट छातीवर लोंबत होता आणि त्याचे दोन्ही हात वर होते. डोक्याच्या वर, उघडे, मला दिसावेत म्हणून. आणि कडी अजून हलत होती.

म्हणजे दुसरंच कुणीतरी ती हलवत होतं.

ते कळायला मला एक क्षण लागला असेल. कड्या ज्या रिसिव्हरचं ऐकत होत्या, त्याच रिसिव्हरवर पेटवणीचं बटण होतं. पळावं असं वाटलं. पण पळाले असते तर प्लग तिथेच राहिला असता, आणि पाठ वळवून धावणारी मी आणि मागे ते. प्लगची कडा नखात अडकवली आणि ओढली. निघाला नाही. रॉकेट छातीशी धरलं, इंजिनाचं तोंड माझ्यापासून लांब राहील असं, आणि पिळून ओढला. नख मुळापासून उचकटलं. प्लग माझ्या हातात आला.

कड्या हलतच होत्या, पण आता ते नुसतं हलणं होतं.

मी चालत परत आले. तो जागेवरच होता, हात अजून वर. मी त्याच्याजवळ पोचून प्लग दाखवला तेव्हा त्याने ते खाली घेतले.

"मी हात लावला नव्हता," तो म्हणाला.

"माहीत आहे मला."

"मी ओरडलो. तुला ऐकू आलं नाही."

मग आम्हाला ते दिसलं. बांधाच्या वर, ताडांच्या शेंड्यांजवळ, एक पांढरं ग्लायडर फिरत होतं. आवाज नाही. लांब पंखांचं, खेळण्यापेक्षा मोठं. ते मध्येच विचित्र झटका घेऊन खाली यायचं आणि परत सावरायचं.

बांध चढून गेलो. पलीकडे, आमच्यापेक्षा रॉकेटच्या कितीतरी जवळ, एक मध्यमवयीन कोरियन गृहस्थ उभे होते. रुंद टोपी, पांढरा टीशर्ट, शेजारी बर्फाची पेटी, हातात रिमोट. तिकडच्या एखाद्या मोठ्या कारखान्यातले साहेब असणार. त्या वर्षांत ते लोक त्या भागात बरेच दिसायचे. त्यांना इंग्रजी थोडं येत होतं, तमिळचे चार शब्द. नवऱ्याने ग्लायडरकडे बोट करून ते उतरवायला सांगितलं. त्यांनी ते उतरवलं, वैतागून, कारण ते त्यांनी नुकतंच सोडलं होतं आणि धड उडत नव्हतं. वारा खराब आहे, ते म्हणाले.

नवऱ्याने आमच्या रिमोटच्या पाठीतला क्रिस्टल काढून दाखवला. त्या काळच्या रिमोटमध्ये नखाएवढा क्रिस्टल असायचा, त्यावर रेडिओ फ्रीक्वेन्सीचा नंबर. एकाच नंबरचे दोन रिमोट जवळपास चालू असले की रिसिव्हरला आपला धनी कोण ते कळत नाही. त्या गृहस्थांनी आपला क्रिस्टल काढला. नंबर तोच होता.

वारा नाही, आम्ही त्यांच्या विमानाला झटके देत होतो आणि ते आमच्या कड्यांना. मी वाळूत काटकीने चित्र काढलं. रॉकेट, त्याखाली ज्वाळा, शेजारी बसलेलं माणूस. आणि माझ्याकडे बोट केलं. त्यांनी ते पाहिलं. माझ्या रक्ताळलेल्या बोटाकडे पाहिलं. टोपी काढली आणि बर्फाच्या पेटीवर बसले. बऱ्याच वेळाने उठून त्यांनी आपला क्रिस्टल माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी मूठ मिटली. आम्ही सामान आवरून निघेपर्यंत परत घेतला नाही.

घरी आल्यावर नवऱ्याने रिले टेबलावर काढून तपासणीच्या एका छोट्या दिव्याला जोडला. तो रिमोटचं बटण दाबून पाहत होता. दिवा लागत नव्हता. त्याने पेन्सिलीने टिचकी मारली. नाही. परत मारली. नाही. मग नुसतं टेबल हललं असेल, टक असा आवाज आला आणि दिवा लागला. म्हणजे अडकलेला होता, मेलेला नव्हता. मी रॉकेट छातीशी धरून हिसडे देत होते तेव्हा तो केव्हाही सुटू शकला असता.

दोघांनीही ते पाहिलं. त्याने बॅटरी काढली, सगळं बाजूला सारलं आणि म्हणाला, "बस झालं. आता नाही."

"काय नाही?"

"रॉकेट नाही. मी देऊन टाकतो सगळं कुणाला तरी."

हे मला ऐकायचं होतं, त्याचा हात भाजल्यापासून. आता ते ऐकल्यावर मी भांडायला लागले. म्हटलं, चूक बैठकीची नव्हती. कड्या उत्तम चालल्या, कुणाचंही ऐकून चालल्या. चूक पेटवणीची होती, ती परत वायरवर घेऊ, लांब वायरवर, किल्लीसकट. तो म्हणाला, "तुला कळत नाही. तिथे उभं राहून बघणं काय असतं ते."

"मला कळत नाही?" मी विचारलं.

तो उठून गच्चीत गेला. जेवला नाही.

अम्मांनी स्वयंपाकघरात मला गाठलं. "बोटाला काय झालं गे?" मी सगळं सांगून टाकलं. लपवण्याइतकं त्राण नव्हतं. त्यांनी पूर्ण ऐकलं. गॅस बंद केला. "पोदुम," म्हणाल्या. पुरे. आणि मग जवळजवळ आठवडाभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. डबा भरून द्यायच्या, पण बोलायच्या नाहीत. मुलाशी बोलायच्या, ते मात्र माझ्याविषयी, मी शेजारी असताना, तमिळमध्ये, आणि तोपर्यंत मला तमिळ चांगलं कळायला लागलं होतं. "त्याचा हात गेला तेव्हा हीच नको म्हणत होती," त्या म्हणायच्या. "आता हिला काय झालंय?"

मला काय झालं होतं ते मला नीट सांगता येत नव्हतं. कंपनीच्या बसमध्ये डोळे मिटले की त्या कड्या हलताना दिसायच्या. भीती वाटायची. पण भीतीने थांबले असते तर पुढे आयुष्यभर तेच शेवटचं दृश्य राहिलं असतं. मी खाली बसलेली आणि कुणी परका माणूस नकळत माझ्या कड्या फिरवतो आहे. नवऱ्याला मी हे एका संध्याकाळी सांगितलं, त्याच्या हाताला तेल लावून बोटं ताणत असताना. तो म्हणाला, "एकदाच." मी म्हटलं, "एकदाच."

वायर लांबच लांब घेतली. पेटवणीची वेगळी पेटी, किल्लीची, आणि किल्ली माझ्या गळ्यात. रिमोटवर फक्त कड्या. त्या कोरियन गृहस्थांना फोन करून सांगितलं, कारण त्यांनी नंबर दिला होता आणि पुढच्या वेळी मला कळवा असं दोनदा बजावलं होतं.

निघायच्या सकाळी अम्मा चप्पल घालून दारात उभ्या होत्या. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात चिंचभाताचा डबा. "मी येते," त्या म्हणाल्या. आठवडाभरानंतरचं माझ्याशी पहिलं वाक्य. "घरी बसून घड्याळ बघणं मला जमायचं नाही."

एरीवर ते गृहस्थ आमच्या आधीच पोचले होते. आम्ही पोचताच त्यांनी आपला क्रिस्टल माझ्या हातात दिला. अम्मांना बांधाच्या पायथ्याशी घडीच्या खुर्चीवर बसवलं, खूप मागे. ते त्यांच्याशेजारी उभे राहिले. अम्मांनी छत्री त्यांच्या डोक्यावरही धरली.

नवरा पेटीपाशी, मी रिमोट घेऊन त्याच्या बाजूला. मी किल्ली दिली. त्याने ती डाव्या हाताने फिरवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं आणि त्याने पेटीवरचं बटण दाबलं.

या वेळी ते पेटलं. रॉकेट चौकटीतून निघालं आणि मला धक्काच बसला, कारण ते फार हळू निघालं. जड होतं आणि इंजिन कमी जोराचं. हवेत उभं राहिल्यासारखं वर सरकत होतं. मग ते कललं. बांधाच्या बाजूला, छत्रीच्या बाजूला.

मी दांडी तशीच धरून राहिले. पाठीमागे अम्मा आहेत, ते तिकडे जातंय, एवढंच डोक्यात. शेजारून तो म्हणाला, हळू आवाजात, गच्चीत म्हणायचा तसं, "उशीर." मी दांडी सारली. झोत तिरका झालेला मला स्पष्ट दिसला, पिवळी रेघ एका बाजूला वाकल्यासारखी, आणि नाक परत वर आलं. जास्त आलं, दुसरीकडे कलू लागलं, मी परत सावरलं. मग ते सरळ झालं आणि खरोखर वर गेलं. इंजिन संपलं, आवाज गेला. नंतर नाकातलं पॅराशूट उघडलं, जरा उशिरा, आणि रॉकेट झोके घेत एरीच्या मधोमध उतरलं. शेपटीवर पडलं. एक बारीक टण्ण आवाज आला.

नवऱ्याने पाऊल उचललं आणि थांबला. "जाऊ?"

मी थोडा वेळ जाऊ दिला. पेटीतून किल्ली काढली. "जा."

मी अम्मांकडे गेले. त्यांच्या खुर्चीशेजारी खाली बसले. त्यांनी छत्री मिटली आणि आकाशाकडे बघत विचारलं, "एवढंच?"

"एवढंच," मी म्हटलं.

"एवढ्यासाठी," त्या म्हणाल्या, आणि पुढचं वाक्य सोडून देऊन डबा उघडायला लागल्या.

ताडाच्या सावलीत जेवलो. ते गृहस्थ चिंचभात मन लावून खात होते आणि मिरचीचं लोणचं परत मागत होते, आणि अम्मा त्यांना तमिळमध्ये अगदी सविस्तर सांगत होत्या की ते कसं घालतात. नवऱ्याने रॉकेटची शेपूट उघडून मांडीवर घेतली होती. बाहेरची कडी वाकली होती. तो ती उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि मधल्या बोटात धरून बघत होता. पहिल्या बोटाला ते अजून जमत नव्हतं.

"जाड करायला हवी होती," तो म्हणाला.

"वजन वाढलं असतं."

"वाढू दे. इंजिन मोठं घेऊ."

"एकदाच म्हणाला होतास."

त्याने कडी माझ्याकडे दिली. वाकलेल्या जागी बारीक तडा होता, आतून गेलेला. मी ती उजेडाकडे धरली आणि तो किती खोल गेला आहे ते बघत बसले. अम्मा म्हणाल्या, ते नंतर, आधी जेव.